रमाई गेल्या, तेरा वर्षांनी माईसाहेब आल्या : बाबासाहेबांच्या सहजीवनातून काय शिकायचे?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या चळवळीच्या दिनदर्शिकेत दोन स्मृतिदिन येतात. 27 मे हा त्यागमूर्ती माता रमाईंचा आणि 29 मे हा माईसाहेब सविता आंबेडकर यांचा. पहिल्या दिवशी विहारांत दीप लागतात, महिला मंडळांचे कार्यक्रम होतात, मोबाईलवर अभिवादनाचे संदेश फिरतात. दुसरा दिवस बहुतेक ठिकाणी गुपचूप निघून जातो. या दोन तारखांमध्ये फक्त दोन दिवसांचे अंतर आहे, पण आपल्या मनात त्यांच्यात फार मोठी दरी पडली आहे. ही दरी का पडली, हे समजून घ्यायचे असेल तर बाबासाहेबांचे चरित्र एका वेगळ्या बाजूने वाचावे लागते. महाड, काळाराम, पुणे करार, संविधान, धम्मदीक्षा हे टप्पे आपल्याला पाठ आहेत. पत्नी गमावलेला एक माणूस म्हणून, आणि त्या दुःखानंतर पुन्हा कुणाचा तरी हात धरणारा माणूस म्हणून बाबासाहेब आपण फारसे वाचलेले नाहीत.

हा विषय खासगी आहे, त्यात चळवळीचे काय, असे काहींना वाटेल. पण आपल्या तालुक्याच्या गावांत, बौद्धवाड्यांत, नगरांत तिशी-चाळिशीत जोडीदार गमावलेल्या किती भगिनी आणि बांधव एकटेपणाने दिवस काढत आहेत, ते आठवून पाहा. त्यांच्याबद्दल आपला समाज जे बोलतो आणि जे बोलत नाही, त्याचा जातीशी थेट संबंध आहे. हे आपल्याला सांगणारे पहिले अभ्यासक स्वतः बाबासाहेबच होते.

सावत्र आईच्या घरातला भीमा

बाबासाहेबांच्या आई भीमाबाई साताऱ्यात वारल्या, तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. घर सांभाळायला आत्या मीराबाई होत्या. कंबरेतून वाकलेली, पायाने अधू असलेली ही आत्या लहान भीमावर जीव टाकत असे. पुढे सुभेदार रामजींनी जिजाबाईंशी दुसरा विवाह केला. भीमाला ते मुळीच रुचले नाही. आपल्या आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर पाहून त्याचा जळफळाट होई. घरातून निघून मुंबईला जायचे, गिरणीत काम करायचे आणि आपल्या पोटाचे आपण पाहायचे, असेही त्याच्या बालमनाने ठरवले होते. त्यासाठी त्याने आत्याच्या कमरेची पिशवीसुद्धा लांबवली. तिच्यात अवघा अर्धा आणा निघाला आणि बेत फसला. त्यानंतर त्याने अभ्यासात लक्ष घातले.

हा प्रसंग आपण बाबासाहेबांच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. वडिलांचे दुसरे लग्न मुलाच्या मनाला कसे बोचते, हे बाबासाहेबांनी अगदी कोवळ्या वयात अनुभवले होते. पुढे आयुष्यात तोच पेच उलट्या बाजूने त्यांच्यासमोर उभा राहणार होता. तेव्हा वडील ते असणार होते आणि मुलगा यशवंत.

भायखळ्याच्या बाजारातले लग्न

1906 साली मुंबईत भायखळ्याच्या मासळी बाजारात, बाजार उठल्यावर रात्री भीमराव आणि रमाबाई यांचे लग्न लागले. नवरा पंधरा वर्षांचा आणि नवरी जेमतेम नऊ वर्षांची. रमाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या पाट्या वाहण्याचे काम करत. आईवडील लवकर गेले आणि पोरकी भावंडे काका-मामांसोबत मुंबईला आली.

पुढची कहाणी आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. 1913 मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. 1917 मध्ये परत आले आणि 1920 मध्ये अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या चाळीत रमाईंनी शेणी थापून, सरपण गोळा करून, अर्धपोटी राहून संसार ओढला. पाच लेकरांपैकी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार त्यांनी मातीआड केली. 1926 मध्ये राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेबही पार कोलमडले होते. एकटे यशवंत जगले.

पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. बाबासाहेबांच्या हजारो पुस्तकांना हक्काचे घर मिळाले. रमाईंना मात्र त्या घरात फार दिवस मिळाले नाहीत. उपासमारीने आणि पुत्रशोकाने पोखरलेले शरीर आता साथ देत नव्हते. 27 मे 1935 रोजी राजगृहात त्यांनी डोळे मिटले. वय अवघे सदतीस वर्षांचे.

बाबासाहेबांनी तो आघात कसा सोसला, हे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. परिषदांमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांसमोर ताठ उभा राहणारा माणूस खोलीचे दार लावून लहान मुलासारखा रडत होता. काही दिवस त्यांनी विरक्ताचा वेश धारण केला होता. पंढरपूरला जाण्याची रमाईंची इच्छा होती. जिथे अस्पृश्यांना देवाच्या दारातून दूर उभे राहावे लागते, अशा पंढरीला नेण्यापेक्षा आपण नवी पंढरी उभी करू, असे आश्वासन बाबासाहेबांनी त्यांना दिले होते. रमाई गेल्यावर साडेचार महिन्यांनी, 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणारी वाट तिथून सुरू झाली.

1940 च्या अखेरीस त्यांचा 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ आला. तो त्यांनी आपल्या रामूच्या स्मृतीला अर्पण केला. एका गंभीर राजकीय ग्रंथाच्या पहिल्या पानावर एका न शिकलेल्या, कष्टकरी बाईचे घरातले लाडके नाव छापले गेले. पाच वर्षांनंतरही ते दुःख ताजे होते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

विधवा, विधुर आणि जात

इथे थोडे मागे जाऊ. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. 1917 मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. जात कशाने टिकते, हा त्यातला प्रश्न होता. त्यांचे उत्तर होते : जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनाने.

मग त्यांनी एक साधा हिशेब मांडला. जातीतच लग्न करायचे तर जातीतल्या विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पण नवरा आणि बायको काही एकाच दिवशी मरत नाहीत. नवरा मेला की एक स्त्री जास्तीची उरते, बायको मेली की एक पुरुष जास्तीचा उरतो. या उरलेल्या माणसांनी जातीबाहेर लग्न केले तर जात मोडते. जातीतच दुसरे लग्न केले तर ज्यांची अजून लग्ने व्हायची आहेत, त्यांच्या वाट्याचा जोडीदार कमी होतो. म्हणून जातीने त्यांचा बंदोबस्त केला. स्त्रीला नवऱ्याच्या चितेवर जाळले किंवा जन्मभर वैधव्यात डांबले. पुरुषाचे समाजातले वजन मोठे, त्याला जाळता येत नाही आणि संन्यासी करून ठेवणेही अवघड. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी शोधली. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचे मूळ बाबासाहेबांनी असे एका धाग्यात ओवले.

आज हा निबंध वाचताना अंगावर काटा येतो. ज्या दुःखाला आपण नशीब म्हणतो, त्याच्यामागे जातीची यंत्रणा आहे. विधवेला पांढऱ्या कपाळाने कोपऱ्यात बसवणे म्हणजे जात राखणे. पन्नाशीच्या विधुराला विशीची गरीब मुलगी मिळवून देणे म्हणजेही जात राखणे. कोकणातले एक उदाहरण पाहा. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले, तेव्हा दापोली तालुक्यातल्या त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. ब्राह्मण घरातील विधवेने पुन्हा कुंकू लावणे गावाला सहन झाले नाही.

आपल्या पूर्वजांमध्ये पाट किंवा मोहतुराची रीत होती. विधवेचा दुसरा घरोबा होत असे. कष्टकरी समाजाला बाईला कोपऱ्यात बसवणे परवडणारेही नव्हते. पण त्या रीतीलाही लग्नाचा मान नव्हता. पाटाच्या बाईला लग्नाच्या बायकोची जागा मिळत नसे. पुढे शिक्षण आले, नोकरी आली, चार पैसे आले आणि आपल्यातल्या काही घरांनी वरच्या जातींची प्रतिष्ठा उसनी घेतली. पाट हा शब्द लाजेचा झाला आणि विधवेने एकटे राहणे ही खानदानाची खूण झाली. जो बोजा आपला नव्हता, तो आपण आपणहून डोक्यावर घेतला.

तेरा वर्षांचे एकटेपण

रमाईंच्या जाण्यानंतर बाबासाहेबांनी पुन्हा लग्न न करण्याचा निश्चय केला होता आणि तो तेरा वर्षे पाळला. याच काळात त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे केले, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळले, पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ऑगस्ट 1947 मध्ये ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि त्याच महिन्यात संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

बाहेर हे सारे घडत असताना घरात मात्र कुणी नव्हते. मधुमेहाने शरीर पोखरले होते. सांधे दुखत, पायांत असह्य वेदना होत, रात्र रात्र झोप लागत नसे. जेवणाखाण्याला धरबंध नव्हता, औषधाला वेळ नव्हती. देशाच्या कायद्याचा आराखडा लिहिणाऱ्या माणसाला वेळेवर घास भरवणारे किंवा आता पुरे, झोपा, असे हक्काने सांगणारे माणूस नव्हते.

उपचारांच्या निमित्ताने मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर यांच्या दवाखान्यात त्यांचे जाणे-येणे होते. तिथे डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. त्या सारस्वत ब्राह्मण घरातल्या. मूळ गाव राजापूर तालुक्यातले, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या अविवाहित बाई. त्यांच्या घरात भावंडांचे आंतरजातीय विवाह आधीच झालेले होते. 1947 मध्ये ओळख झाली, उपचार सुरू झाले, पत्रे जाऊ-येऊ लागली. पत्रांमधून आजाराची, पुस्तकांची, कामाची देवाणघेवाण होत राहिली.

बाबासाहेबांनी मग आपल्या बाजूने विचारणा केली. शारदाबाईंना निर्णयासाठी मोकळीक होती. त्यांनी डॉ. मालवणकरांशी आणि घरच्यांशी बोलून, विचार करून होकार दिला. मध्ये ना पत्रिका होती, ना देणेघेणे, ना कुणाचा दबाव. दोन जाणत्या माणसांनी एकमेकांची खरी परिस्थिती पाहून घेतलेला तो निर्णय होता. समोरचा पुरुष आजारी आहे, वयाने मोठा आहे, त्याला कर्ता मुलगा आहे, त्याचे आयुष्य चळवळीला वाहिलेले आहे आणि त्याच्या मनात पहिल्या पत्नीची जागा कायम आहे, हे शारदाबाईंना पूर्ण ठाऊक होते.

मार्च 1948 मध्ये बाबासाहेबांनी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना पत्र लिहून हा निर्णय कळवला. यशवंतच्या आईच्या निधनानंतर लग्न न करण्याचे ठरवले होते, पण प्रकृतीमुळे आता तो निश्चय बदलावा लागत आहे, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. सेवेसाठी घरात परिचारिका ठेवली तर लोक कुजबुजतील, त्यापेक्षा रीतसर लग्न हाच सरळ मार्ग, हा त्यांचा विचार होता. आपला नेता आपल्या सर्वात जवळच्या सहकाऱ्याला मन उघडे करून दाखवतो, लपवाछपवी करत नाही, यातही एक शिकवण आहे.

15 एप्रिल 1948 रोजी, सत्तावन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, नवी दिल्लीत 1 हार्डिंज ॲव्हेन्यू या त्यांच्या निवासस्थानी हा विवाह झाला. नोंदणी पद्धतीचे लग्न, मोजकी माणसे. ना होम, ना भटजी, ना कन्यादान. शारदा कबीर सविता आंबेडकर झाल्या. बाबासाहेबांसाठी मात्र त्या शारूच राहिल्या.

आता 1916 चा तो निबंध या लग्नाशेजारी ठेवून पाहा. जातीच्या हिशेबात जास्तीचा ठरलेला एक विधुर. जातव्यवस्थेने त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या दोन्ही वाटा त्याने नाकारल्या. जन्मभर एकटे राहण्याची सक्ती मानली नाही आणि जातीतली कोवळी मुलगीही शोधली नाही. जातीबाहेरच्या, शिकलेल्या, प्रौढ स्त्रीशी तिच्या संमतीने नोंदणी विवाह केला. 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून त्यांनी मांडला होता. बारा वर्षांनी तो त्यांच्याच घरात घडला. शिवाय, याच एप्रिल महिन्यात हिंदू कोड बिल निवड समितीकडे गेले होते. स्त्रीला वारसा, घटस्फोट आणि जातीबाहेर लग्नाचा हक्क देऊ पाहणारे ते विधेयक. त्याच विधेयकासाठी पुढे 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

आठ वर्षांची साथ

समाजातून नाराजी उमटली. ब्राह्मण बाई कशाला, हा प्रश्न आपल्याच माणसांनी विचारला. यशवंतराव तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. रमाईंचा एकुलता उरलेला लेक. त्यांच्या मनात काय चालले असेल, हे समजायला साताऱ्यातला तो लहान भीमा आठवला तरी पुरे. भय्यासाहेबांना आपण यासाठी दोष देऊ नये. आईची जागा कुणी घेतेय असे वाटणे मुलासाठी स्वाभाविक असते, मग तो सहा वर्षांचा असो की पस्तीस. पण मुलाचे दुःख खरे असते म्हणून वडिलांचे किंवा आईचे एकटेपण खोटे ठरत नाही.

माईसाहेबांनी आपला वैद्यकीय व्यवसाय सोडला आणि एकाच रुग्णाच्या डॉक्टर झाल्या. पथ्य, औषधे, इंजेक्शने, झोप, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ, सगळे त्यांनी हाती घेतले. या शेवटच्या साडेआठ वर्षांत बाबासाहेबांनी काय केले, ते एकदा मोजून पाहावे. संविधानाचा मसुदा संविधान सभेसमोर मांडून कलमागणिक त्याचा बचाव केला. 'अस्पृश्य मूळचे कोण' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदू कोड बिलाची लढाई लढली. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. 1950 मध्ये श्रीलंकेतल्या बौद्ध परिषदेला माईंसह गेले. भारतीय बौद्ध महासभेची स्थापना केली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहून पूर्ण केला. खंगलेल्या शरीराने हे सारे पेलले, त्यात रात्रंदिवस जागणाऱ्या त्या डॉक्टर पत्नीचा वाटा नाही, असे कोण म्हणेल?

बाबासाहेबांनी तो वाटा मान्य केला होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपली पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्याबद्दल कृतज्ञता नोंदवली. पण त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये ग्रंथ बाहेर आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. बऱ्याच वर्षांनी भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. बाबासाहेबांनी मानलेले ऋण वाचकांपर्यंत पोहोचायला इतका काळ लागला.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा माईसाहेब त्यांच्या शेजारी होत्या. दोघांनी सोबत त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. रमाईंना कबूल केलेली नवी पंढरी त्या दिवशी उभी राहिली आणि ती उभी राहताना बाबासाहेबांचा हात धरून माई उभ्या होत्या. पहिल्या प्रेमाला दिलेला शब्द दुसऱ्या प्रेमाच्या सोबतीने पूर्ण झाला. या दोघींना एकमेकींच्या विरोधात उभे करणाऱ्यांनी हे दृश्य डोळ्यांसमोर आणावे.

आपण माईंशी कसे वागलो?

6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत 26 अलीपूर रोडवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. शोकाने वेडापिसा झालेला समाज दोषी शोधू लागला आणि बोट माईंकडे वळले. संशय घेतले गेले, चौकशीची मागणी झाली. सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचे स्पष्ट केले. तरी कुजबूज थांबली नाही. माई चळवळीपासून तुटल्या. दिल्लीजवळ मेहरौलीत त्यांनी वर्षानुवर्षे एकांतात काढली.

विचार करा. पती गेलेल्या बाईकडे अपशकुनी म्हणून पाहणे, तिच्यावरच नवऱ्याच्या मृत्यूचा आळ घेणे, तिला माणसांतून उठवणे, ही कोणाची रीत? जी रीत मोडायला बाबासाहेब आयुष्यभर झगडले, तीच आपण त्यांच्या विधवेच्या वाट्याला दिली.

पुढे दलित पँथरच्या तरुणांनी माईंना पुन्हा माणसांत आणले. त्या सभांना येऊ लागल्या, कार्यकर्त्यांना भेटू लागल्या. 14 एप्रिल 1990 रोजी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, तेव्हा राष्ट्रपती भवनात तो सन्मान माईंनी स्वीकारला. 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' हे आत्मकथन त्यांनी लिहिले. बाबासाहेबांच्या वस्तू पुण्याच्या सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयाला दिल्या, म्हणून आज त्या आपल्याला पाहता येतात. 29 मे 2003 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्या बाबासाहेबांच्या आठवणी सांभाळत जगल्या.

धम्म काय सांगतो?

लग्न म्हणजे सात जन्मांची गाठ, ही कल्पना धम्मात नाही. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात मान, विश्वास, जबाबदारी आणि निष्ठा आहे. एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याने जिवंतपणी मेल्यासारखे राहावे, असे त्यात कुठे नाही. सगळे अनित्य आहे, हे जाणणारा माणूस दुःख नाकारत नाही आणि दुःखाला कवटाळूनही बसत नाही. मैत्री आणि करुणा या पारमिता आपण विहारात म्हणतो. शेजारच्या घरात एकट्या पडलेल्या बहिणीसाठी त्या लागू होत नसतील तर त्या नुसत्या म्हणण्यापुरत्याच उरतात.

लहान गावात हे अवघड असते, हे मान्य. शहरात कोण कुणाचे विचारत नाही. तालुक्याच्या गावात मात्र नळावर, दुकानात, चावडीवर, प्रत्येक ठिकाणी डोळे असतात. विधुराला वर्षाच्या आत पोरे सांभाळायला कुणीतरी हवी म्हणून स्थळे येतात. विधवेला तीच पोरे दाखवून, आता यांच्याकडे बघून दिवस काढ, असे सांगितले जाते. सासरच्यांना जमिनीची आणि घराची काळजी असते. मुलांना लोक काय म्हणतील याची भीती असते. आणि ज्याला किंवा जिला पुन्हा कुणाबद्दल आपुलकी वाटू लागते, त्या माणसाच्या मनात गेलेल्या जोडीदाराशी आपण बेइमानी करत आहोत, ही टोचणी असते. या टोचणीला बाबासाहेबांचे आयुष्य हेच उत्तर आहे. रामूला ग्रंथ अर्पण करणारा आणि शारूला पत्रे लिहिणारा माणूस एकच होता. एका प्रेमाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही.

तरुण कार्यकर्त्यांनी यात करण्यासारखे बरेच आहे. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत विधवा, विधुर आणि घटस्फोटित यांना वेगळ्या कोपऱ्यात न बसवता सर्वांबरोबर मानाने व्यासपीठ द्यावे. त्यांच्या विवाहात बौद्ध पद्धतीचा पूर्ण विधी व्हावा, तोही भरदिवसा, विहारात, आप्तांच्या साक्षीने. विशेष विवाह कायदा 1954 नुसार नोंदणी करायची असेल तर तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. त्या साक्षीदारांत आपले नाव असावे. पतीच्या मृत्यूनंतर पत्नीला वारसाने मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते, ती पुढे केलेल्या लग्नाने हिरावली जात नाही, हे वस्तीतल्या प्रत्येक भगिनीला कळले पाहिजे. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्याची मुळे बाबासाहेबांच्या हिंदू कोड बिलात आहेत. मोठ्या झालेल्या मुलांशी कुणीतरी शांतपणे बोलले पाहिजे. त्यांचा राग ऐकून घेतला पाहिजे, पण आई किंवा बाबांच्या आयुष्याचा निकाल त्यांच्या हाती देऊ नये.

आणि येत्या 27 मे रोजी विहारात रमाईंना अभिवादन करताना आयोजकांना एक विनंती करावी. रमाईंसाठी लावलेला दीप दोन दिवस तेवत ठेवा. 29 तारखेला त्याच दिव्याच्या उजेडात माईसाहेबांची प्रतिमा ठेवा आणि पहिले पुष्प वाहायला वस्तीतल्या एखाद्या अशा भगिनीला बोलवा, जिला आजवर कोणत्याही मंगल कार्यात पुढे बोलावले गेले नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!